साक्ष कोणाची मानावी?

यंत्र बिघडले म्हणजे दोष कोठे आहे हे शोधावे लागते. काम बिघडले म्हणजे दोष कोणाचा आहे हे शोधावे लागते. पहिला शोध कारागिराचा आणि दुसरा न्यायाधीशाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमचीही होती. परंतु आमच्या देवस्थानाच्या एका जुन्या पिकअप गाडीच्या प्रकरणात हे दोन्ही शोध एकाच वेळी आमच्या हाती आले आणि दोन्हींत आम्ही नेमके एकाच वळणावर चुकलो. झालेली चूक लपवून तत्त्वचर्चा करण्यापेक्षा ती वाचकांपुढे मांडून चर्चा करणे बरे, असे वाटून हे लिहीत आहो.

गाडी जीपच्या कुळातली, १९९४ साली घेतलेली, चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची. पालखीचे दांडे, मंडपाचे वासे, महाप्रसादाची तपेली, जत्रेतल्या दिव्यांच्या माळा, जीर्णोद्धाराच्या वेळी चिरे आणि वाळू, असे सारे तिने वाहिले आहे. नोंदणीचे नूतनीकरण करण्याची वेळ आली तेव्हा ती विकून टाकावी असे काहींचे मत होते. पण नव्या गाडीचा पैसा सभामंडपाच्या गळक्या छपराला लागला आणि जुनी गाडी राहिली. तिचे नित्याचे काम एकच. पहाटे पाच वाजता निघून फोंड्याच्या बाजारात जावयाचे, बेळगावहून रात्रीतून उतरलेली भाजी आणि फुले घ्यावयाची, आणि अभिषेकाच्या आधी देवळात परत यावयाचे.

गाडी चालविणारा मनुष्य गावातलाच. एकोणीस वर्षे तो हे काम करीत होता. दीड-दोन वर्षांपूर्वी त्याने तक्रार सुरू केली की पहाटे गाडी चालू होत नाही. स्टार्टर मारला की इंजिन फिरते, पण पेटत नाही. फिल्टरवरचा हातपंप चाळीस-पन्नास वेळा दाबावा, पुन्हा स्टार्टर मारावा, पुन्हा दाबावे, तेव्हा कोठे अर्ध्या तासाने गाडी जागी होते. त्याचे शब्द आमच्या ध्यानात आहेत, कारण ते त्याने निदान चार वेळा उच्चारले : “इंजिन घुंवता, पूण धुंवरूच येना.” इंजिन फिरते, पण धूरच येत नाही. आम्ही हे ऐकले आणि सोडून दिले. धूर येत नाही ही तक्रार आहे, असेच आम्हांस वाटले नाही. गाडीने धूर सोडला नाही तर बरेच झाले.

फुले उशिरा येऊ लागली. भटजींनी दोनदा आदल्या दिवशीच्या फुलांवर वेळ भागविली. समितीपैकी कोणी ना कोणी नऊच्या सुमारास देवळात येई, गाडी चालू करून पाही, आणि ती अर्ध्या फेऱ्यात चालू होई. असे पाच-सहा वेळा झाले. यावरून आम्ही जे अनुमान बांधले ते वरवर पाहता निर्दोष होते. गाडी चांगली आहे. फुले तर उशिरा येतात. तेव्हा उशीर गाडीचा नव्हे, माणसाचा आहे. मग अशा वेळी जे होते तेच झाले. कोणी म्हणाले, तो रात्री नाटकांना जागतो. कोणी म्हणाले, त्याचे लक्ष आताशा कामात नाही. ज्याने हे प्रथम म्हटले त्याला ते पुढे सिद्ध करावे लागले नाही, कारण दुसऱ्याने ते ऐकीव पुरावा म्हणून पहिल्यालाच परत सांगितले.

तथापि आम्ही गाडी तपासली नाही असे नाही. एका गॅरेजात ती नेली. तेथे प्रथम बॅटरी बदलली. मग चारही हीटर प्लग बदलले. या प्लगांनी सिलिंडराजवळची हवा आधी तापविली जाते आणि मग थंड इंजिन पेट घेते. जुन्या गाडीचे भाग मिळविणे हाही एक व्यापच आहे. एकाच नावाच्या गाडीत काही वर्षे प्लगांची जोडणी एकसर असते, काही वर्षे समांतर. एका जोडणीचे प्लग दुसरीत घातले तर ते जळतात किंवा तापतच नाहीत. म्हणून चासीचा क्रमांक पाहून सूचीतला भाग ठरवावा लागतो, आणि सूचीतल्या क्रमांकाच्या जागी कंपनीने पुढे दुसराच क्रमांक दिलेला असतो. दुकानदार यावर एक सोपा उपाय सांगतो : जुना भाग नमुना म्हणून आणा. पण जुना भागच कोणीतरी पूर्वी चुकीचा बसविलेला असला तर? मडगाव, म्हापसा, शेवटी कोल्हापूर, अशी प्रदक्षिणा करून प्लग मिळाले. गाडी आठ दिवस बरी चालली. मग पुन्हा तेच. नंतर नोझल बदलले. पुन्हा आठ दिवस. मग मुख्य पंप काढून पंपाच्या दुकानात पाठविला. तेथे त्यात विशेष दोष आढळला नाही. तो खोलला, धुतला, जुळवला, एवढ्याचे बिल मात्र आले. एकूण एकतीस हजार रुपये खर्च झाले. एवढे करूनही तक्रार राहते याचा अर्थ तक्रार खोटी आहे, असे आमच्यातील एकाने बोलून दाखविले, आणि ते सर्वांस पटले. पैसा खर्च केला म्हणजे शोध केला, अशी समजूत आमच्याप्रमाणे इतरही अनेक संस्थांत आढळेल.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांनी निवडलेली समिती पाहते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार असे तिचे घटक. आमच्या समितीने महाजनांच्या सभेत हा विषय मांडला आणि “कामात हयगय व खोटी सबब” असे शब्द इतिवृत्तात लिहून त्या माणसास कामावरून दूर केले. तो सभेस आला नव्हता; त्यास बोलाविलेच नव्हते.

नवा चालक आला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, पहाटे गाडी चालू होत नाही. यावर आमची प्रतिक्रिया काय झाली असेल? “हाही तसाच निघाला!” हे वाक्य आज लिहिताना आम्हांस हसू येते, पण त्या दिवशी ते पूर्ण गांभीर्याने उच्चारले गेले. दोन माणसे, एकमेकांस न विचारता, एकाच वेळेची एकच गोष्ट सांगतात, यावरून गाडीत दोष असावा असे न वाटता, चालक या जातीचाच दोष आहे असे आम्हांस वाटले. पुढे श्रावणात सप्ताह आला. आमच्यापैकी एकजण अग्रशाळेत मुक्कामास राहिला होता. पहाटे पाचला त्याने स्वतः किल्ली फिरविली. इंजिन फिरले, पेटले नाही. त्याने मागे जाऊन धुराच्या नळीकडे पाहिले. धूर नव्हता. सकाळी आठपर्यंत सर्व समितीला कळले की गाडीत खरोखरच बिघाड आहे. म्हणजे दोष दीड वर्ष गाडीत होता. पण एका महाजनाने पाहिल्या क्षणी तो अस्तित्वात आला.

येथे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. गौतमाच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक केवळ प्रत्यक्ष मानतो. बौद्ध आणि वैशेषिक शब्दाला वेगळे प्रमाण न मानता त्याचा अंतर्भाव अनुमानात करतात. नैयायिक मात्र आग्रहाने सांगतात की विश्वासू माणसाचे वचन हे स्वतंत्र प्रमाण आहे. आणि हा आग्रह केवळ वेदप्रामाण्यासाठी आहे असे समजणे चूक आहे. शब्दप्रमाण म्हटले की आमच्यासारख्या देवळाशी संबंध असलेल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पोथी येते. परंतु वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्त म्हणजे कोण हे सांगताना कुळ, विद्या किंवा अधिकार यांचा उल्लेख केलेला नाही. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी एवढीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. एवढे सांगून तो थांबत नाही. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट करतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका पंडिताने ही मोकळीक दिली आणि ती आम्ही एकोणीस वर्षांच्या ओळखीच्या माणसालाही दिली नाही.

उलट, आमचे ‘प्रत्यक्ष’ तपासून पाहू. आम्ही नऊ वाजता गाडी चालू करीत होतो, आणि ती चालू होत होती. हे ज्ञान खरेच होते. पण ते नऊ वाजताच्या गाडीचे ज्ञान होते. चालकाची साक्ष पाच वाजताच्या गाडीविषयी होती. मधल्या वेळात त्याने हातपंप दाबून दोष झाकून टाकला होता. म्हणजे तो आपले काम चोख करीत होता म्हणूनच त्याचे म्हणणे आम्हांस खोटे दिसत होते. फोंड्याला जाऊन आलेल्या गाडीला दुपारपर्यंत कोणतीच अडचण नसे. साक्षीची परीक्षा करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कामचुकार माणसे असतात, सबबी सांगतात, आणि देवाच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने भोळे असून चालत नाही. पण साक्षीदाराने जी वेळ आणि जी जागा सांगितली तेथे जाऊन परीक्षा केली पाहिजे. पहाटे पाचला उठून देवळात येणे आम्हांपैकी कोणास अशक्य नव्हते. सोयीचे नव्हते, एवढेच.

आता धुराविषयी. धूमावरून वह्नीचे अनुमान हे तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठातले उदाहरण. डिझेल इंजिनाचे कारागीर या पाठाची निराळी आवृत्ती शिकतात. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. थंड इंजिन फिरवताना पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचले आहे, पण पेटलेले नाही. आणि इंजिन फिरत असता धूरच नाही, तर बहुधा डिझेल आत पोचतच नाही. आता हे पाहा. हीटर प्लग निकामी असते तर आत आलेले डिझेल न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडले असते. धूर येत नाही या एका वाक्याने चारही प्लग निर्दोष ठरत होते. बॅटरीवरचा संशयही, इंजिन फिरते या पूर्वार्धाने, उडत होता. त्या माणसाच्या चार शब्दांत निदानाचा अर्धा भाग आलेला होता. आम्ही तो ऐकून प्लग शोधण्यासाठी कोल्हापूर गाठले.

पुढची हकीकत एका वृद्ध मेस्त्रींची आहे. ते मुक्तीनंतरच्या वर्षांत लहान वयात गॅरेजात लागले. पोर्तुगीज अमदानीत आलेल्या युरोपीय गाड्या तेव्हा गोव्याच्या रस्त्यांवर होत्या. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. काढलेला भाग फेकला तर त्याच्या जागी दुसरा मिळेल याची शाश्वती नव्हती. त्यामुळे भागावरचा आरोप सिद्ध झाल्याखेरीज तो काढावयाचा नाही, असे वळण त्यांच्या हाताला पडले. आजच्या गॅरेजांत भाग मुबलक आणि कारागिराचा वेळ महाग, म्हणून आधी बदलावे आणि मग पाहावे, ही रीत आली आहे. तिला आम्ही सरसकट दोष देत नाही. संशयित भाग काढून चांगला घालून पाहणे ही परीक्षेची एक मान्य पद्धत आहे. अन्वय आणि व्यतिरेक यांचाच तो प्रकार. मात्र त्या पद्धतीचा एक उत्तरार्ध आहे. नवा भाग घालूनही फरक पडला नाही, तर जुना भाग परत जागेवर बसवावयाचा असतो, कारण तो निर्दोष ठरलेला आहे. हा उत्तरार्ध कोणी पाळीत नाही. आमचे जुने प्लग, नोझल आणि बॅटरी कोठे गेली हे आम्हांस आजतागायत माहीत नाही.

मेस्त्रींनी प्रथम विचारले, पहाटे कोण चालू करतो? नव्या चालकास त्यांनी जवळ बसवून घेतले आणि पाव तास केवळ प्रश्न विचारले. हातपंप किती वेळा दाबल्यावर कठीण लागतो? गाडी चढावर उभी असते की उतारावर? डिझेल टाकीत कमी असले तर त्रास वाढतो का? मग त्यांनी फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामधली नळी काढून तेथे पारदर्शक नळीचा तुकडा बसविला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टार्टर मारताच त्या नळीतून बुडबुडे जाताना आम्ही पाहिले. डिझेलच्या मार्गात हवा शिरत होती. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या हवेच्या वाटेने नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे मागे उतरे, आणि पहाटे पंपाला ओढावयास हवेखेरीज काही नसे.

हवा शिरते, पण कोठून? आमच्या गाडीत टाकीपासून मुख्य पंपापर्यंतचा सारा मार्ग ओढीचा आहे, फिल्टरसुद्धा त्याच मार्गावर. जेथे द्रव दाबाने ढकलला जातो तेथे छिद्र पडले तर तो बाहेर गळतो आणि दोष दिसतो. जेथे तो ओढला जातो तेथे छिद्रातून बाहेरची हवा आत जाते. बाहेर थेंबही पडत नाही. बोट लावले तर कोरडे. म्हणून तोवर कोणाला काही दिसले नव्हते. मेस्त्रींनी डिझेलचा एक डबा इंजिनापेक्षा उंच टांगला आणि त्याची नळी थेट मुख्य पंपास जोडून रात्रभर ठेवली. पहाटे गाडी पहिल्या फेऱ्यात चालू झाली. पंप, नोझल, प्लग, सर्व एका दमात सुटले. मग त्यांनी तीच नळी फिल्टरच्या तोंडाशी, टाकीकडची नळी येऊन मिळते तेथे जोडली. उंचावरच्या डब्यामुळे ओढीचा मार्ग आता दाबाचा झाला. तासाभराने फिल्टरच्या बोल्टखाली एक ओलसर वर्तुळ उमटले. दोष सापडला : चौदा मिलिमीटरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर.

हा वॉशर फार साधी वस्तू आहे, तरी तिच्याविषयी थोडे सांगण्याजोगे आहे. तांबे मऊ असते म्हणूनच ते दोन कठीण पृष्ठांमध्ये दबून फट बुजविते. परंतु एकदा दाबले गेले की ते कठीण होते; दुसऱ्यांदा तसे दबत नाही. फिल्टर बदलताना दर वेळी वॉशर नवा घालावा, किंवा जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करावा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. पोलाद तापवून पाण्यात बुडविले तर कठीण होते. तांब्याचे तसे नाही. आमच्या गाडीचा फिल्टर वर्षानुवर्षे बदलत गेला आणि वॉशर मात्र तेच राहिले. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठ दिवस बरी का चालत असे याचाही उलगडा झाला. काम कोणतेही असो, बोल्ट सोडून पुन्हा आवळला जाई, वॉशर थोडा वेगळा बसे आणि काही दिवस फट बंद राही. आम्ही ते श्रेय प्लगांना आणि नोझलांना देत होतो. मेस्त्रींनी नवे वॉशर मागविले तेव्हा खिशातून लोहचुंबक काढून एकेक तपासला, आणि दोन परत पाठविले. ते तांब्याचा मुलामा दिलेले लोखंडी होते. चुंबकास चिकटले.

अशा गाडीला तीच गाडी म्हणावे काय, असा एक प्रश्न आमच्या एका मित्राने या प्रसंगी काढला. इंजिनाचे निम्मे भाग नवे, टप नवा, हौद्याच्या फळ्या दोनदा बदललेल्या. नागसेन भिक्षूने मिलिंद राजास रथाविषयी हेच विचारले होते : आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? परिवहन खात्याने या प्रश्नाचे उत्तर चासीच्या क्रमांकावर सोपविले आहे, आणि व्यवहाराला ते पुरते. ज्या देवालयांची दैवते सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टी सोडून अंत्रुज महालात आली, त्या देवालयांच्या लोकांना हे समजाविण्याची गरज नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला तो मंगेशच आहे. प्रश्न मनोरंजक आहे, पण आमच्या प्रकरणात त्याने फारसे काही हलत नाही. भाग बदलल्याने गाडी बदलत नाही हे कबूल. आमच्यापुढे प्रश्न होता तो काढून टाकलेल्या भागाचा.

कारण आम्ही एक भाग असाही बदलला होता, जो फडताळात ठेवता येत नाही. माणूस बदलून पाहिला. फरक पडला नाही. तेव्हा तो निर्दोष ठरला. पद्धतीचा उत्तरार्ध त्या तिसऱ्या दिवशीच लागू होत होता. तो पाळावयास आम्ही पाच महिने घेतले, आणि तेव्हा पाळण्याजोगे फार उरले नव्हते. तो मनुष्य कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची गाडी चालवू लागला होता. आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. आम्ही झाले ते सांगितले, चूक कबूल केली, परत ये म्हणालो. तो म्हणाला की तेथे त्याचा भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला आहे, रविवारची सुटी असते, आता नको. रागाने म्हणाला नाही. मग त्याने विचारले, दोष कोठे निघाला? आम्ही सांगितले. तो काही वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, “हांवें बरोवन दिल्लें.” आपण लिहून दिले होते, असे त्याचे म्हणणे. आम्हांस तसे काही आठवत नव्हते, आणि आम्ही तसे त्यास बोललोही. अजूनही आम्ही त्याच्या शब्दापुढे आपली आठवण ठेवीत होतो.

परत आल्यावर समितीत जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही. काहींचे मत असे, की घरी जाऊन क्षमा मागितली, विषय संपला. जुने कागद उकरून काढल्याने संस्थेची शोभा होते, तीही देवस्थानासारख्या संस्थेची. या मतामागे केवळ अहंकार आहे असे आम्ही म्हणत नाही. संस्थेची प्रतिष्ठा ही खरी वस्तू आहे; तिच्यावर लोक विश्वासाने दान टाकतात. परंतु आरोप कोठे केला होता, हे पाहिले पाहिजे. तो त्याच्या घरी चहा पिताना केला नव्हता. तो महाजनांच्या सभेत केला, इतिवृत्तात लिहिला, आणि पन्नास-साठ लोकांनी हात वर करून मान्य केला. त्यांपैकी कित्येकांच्या मनात तो माणूस आजही खोटी सबब सांगणाराच आहे. देवळात दर्शनास आला तर त्याच दृष्टीने ते त्याच्याकडे पाहतात. जो दोष ओढीच्या मार्गावर असतो तो बाहेर गळत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. लिहिलेला ठराव खोडता येत नाही, आणि खोडूही नये. पण त्याच वहीत, त्याच सभेपुढे, दुसरा ठराव लिहिता येतो. आमचे मत असे आहे, आणि समितीतले आणखी एकजण आता या मताचे झाले आहेत. इतर अजून विचार करीत आहेत.

त्या ठरावासाठी जुन्या सभेची तारीख पाहावी म्हणून आम्ही दप्तर काढले. इतिवृत्ताच्या वहीखाली किरकोळ खर्चाच्या मागणीपत्रांचा गठ्ठा होता. त्यात तक्रार सुरू झाली त्याच्याही आधीच्या महिन्यातला एक कागद आढळला. वहीचे अर्धे पान फाडून त्यावर जाड अक्षरांत लिहिले होते : फिल्टर १, तांब्याचे वॉशर ६. पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. दुसऱ्या ओळीवर लाल शाईची रेघ मारलेली आहे आणि बाजूस ‘अनावश्यक’ असा शेरा आहे. सहा वॉशरांची किंमत त्या वेळी साठ रुपयांच्या आत होती. शेऱ्याखालचे हस्ताक्षर आमचेच आहे.

हा कागद आम्ही ठरावाच्या मसुद्यास जोडला आहे. महाजनांची सभा माघात भरेल. त्या माणसाला या वेळी बोलावणे गेले आहे. तो येईल की नाही हे त्याने कळविलेले नाही.